अनोळखी पक्षी दिसला तर? कळंबचा किनारा, तानसाचं जंगल आणि रानपिंगळ्याची गोष्ट



आजचा पाठ पक्षीनिरीक्षणाचा आहे, पण त्यात इतिहास आहे, भूगोल आहे आणि थोडी पोलिसी चौकशीसुद्धा आहे. समजा, तुम्ही नालासोपाऱ्याहून कळंबच्या किनाऱ्यावर गेलात. ओहोटी लागली आहे, ओल्या वाळूवर कुरव पक्ष्यांचा थवा बसला आहे आणि त्यात एक पक्षी जरा वेगळाच दिसतोय. पुस्तकात पाहिलं तर त्याच्यासारखा पक्षी सापडतो, पण त्याच्या नकाशात आपला पालघर जिल्हा रंगवलेलाच नाही. आता काय म्हणायचं? पुस्तक चुकलं, की आपले डोळे चुकले? की पक्षीच वाट चुकला?

तिन्ही शक्यता खऱ्या असू शकतात. त्यातली नेमकी कोणती, हे कसं ठरवायचं ते आज शिकू या. त्यासाठी आपल्या महाराष्ट्रातल्याच एका पक्ष्याची गोष्ट बघू. हा पक्षी तब्बल ११३ वर्षं कोणालाही सापडला नव्हता. आणि तो न सापडण्यामागे एका माणसाच्या खोट्या नोंदीचाही हात होता.

दुर्मीळ म्हणजे नेमकं काय?

आपण ‘दुर्मीळ पक्षी’ असं सरसकट म्हणतो, पण त्याचे दोन वेगळे अर्थ आहेत. काही पक्षी संख्येनेच कमी असतात. माळढोक हे त्याचं उदाहरण. तो जगात कुठेही दिसला तरी दुर्मीळच. काही पक्षी मात्र आपल्या घरी भरपूर असतात, फक्त आपल्याकडे दिसत नाहीत. ओमानजवळच्या बेटांवर घरटी करणारा ‘मास्क्ड बूबी’ हा मोठा समुद्रपक्षी तिकडे नवलाचा नाही. तोच पावसाळ्यातल्या वादळी वाऱ्याने ढकलला जाऊन कोकणच्या किनाऱ्यावर थकून बसला, की इथे मात्र ती बातमी होते.

म्हणजे पक्षी कोणता, या प्रश्नाबरोबर कुठे आणि कधी हे दोन प्रश्न कायम जोडलेले असतात. पोपटाचं चित्र काढून खाली ‘कळंब’ लिहिलं तर कोणी वळूनही बघणार नाही. पेंग्विनच्या चित्राखाली ‘कळंब’ लिहिलं तर सगळा वर्ग हसेल. पक्षी खरा असून चालत नाही, त्याची जागाही खरी असावी लागते. ही गोष्ट मनात पक्की ठेवा, कारण पुढची सगळी कथा यावरच उभी आहे.

आधी घरचे पक्षी

अनोळखी पाहुणा ओळखायचा तर घरची माणसं आधी ओळखीची हवीत, नाही का? कळंब, राजोडी, अर्नाळा या पट्ट्यात हिवाळ्यात येणारे कुरव घ्या. लांबून सगळे सारखेच पांढरे-राखाडी दिसतात. त्यात ‘काळ्या डोक्याचा कुरव’ आणि ‘तपकिरी डोक्याचा कुरव’ अशा दोन जाती असतात. आता गंमत बघा, ज्या डोक्यावरून नाव पडलं ते डोकं हिवाळ्यात पांढरं होतं! डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका उरतो, आणि तोही दोघांना असतो.

मग ओळखायचं कसं? पूर्ण वाढलेल्या पक्ष्यांमध्ये तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो, आणि तो उडाला की पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पट्टी चमकते. नाव डोक्याचं, पण खरी ओळख डोळ्यात आणि पंखात! शिवाय लहान वयाच्या पक्ष्यांचे रंग आणखी वेगळे, त्यामुळे एकाच जातीचे दोन पक्षी दोन जातींचे वाटू शकतात.

ज्याने हे दोन कुरव शंभर वेळा पाहिलेत, त्याला थव्यातला तिसरा कोणी आपोआप खटकतो. आपली कोळीण मावशी पाटीतल्या मासळीत वेगळा मासा एका नजरेत ओळखते, ते रोजच्या सवयीमुळेच. म्हणून नवशिक्याने दुर्मीळ पक्ष्यांच्या मागे धावण्याआधी कावळा, साळुंकी, बगळा, घार, कुरव यांच्यावरच हात बसवावा. हा वेळ वाया जात नाही.

रानपिंगळ्याची गोष्ट

आता आपल्या मुख्य गोष्टीकडे येऊ. पिंगळा तुम्हाला माहीत आहे. जुन्या आंब्याच्या, चिंचेच्या ढोलीत राहणारं, साळुंकीएवढं छोटं घुबड. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणारा ‘पिंगळा’ही या पक्ष्याच्याच नावाचा. हा साधा पिंगळा गावात, शेतात, शहरातसुद्धा दिसतो.

त्याचाच एक जंगलातला नातेवाईक म्हणजे रानपिंगळा. १८७२ च्या डिसेंबरात एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगडमधल्या बसनाजवळ, फुलझर भागात तो मिळाला. दुसऱ्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि ब्लेविट यांचं नाव त्याला दिलं. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे, इतिहासाच्या पुस्तकातले ह्यूमच बरं का! त्यानंतर आपल्या खानदेशात, शहादा-तळोदा भागात, जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने काही नमुने गोळा केले. त्या काळी पक्षी मारून, त्याची कातडी पेंढा-कापूस भरून संग्रहालयात ठेवत. १८७२ ते १८८४ या काळात असे एकूण सात नमुने जमले.

आणि मग? मग काहीच नाही. रानपिंगळा जणू गायबच झाला. विसाव्या शतकात तो पुन्हा मिळाल्याचा एकच नमुना होता. तो रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातला होता. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: १९१४, मांडवी. हे मांडवी म्हणजे गुजरातमधलं, तापी नदीच्या काठचं.

सलीम अली, डिलन रिप्ली यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, पण तो मिळाला नाही. बऱ्याच जणांना वाटू लागलं की पक्षी नामशेष झाला.

चिठ्ठी खोटी होती

१९९० च्या दशकात अमेरिकेतल्या पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी या जुन्या नमुन्यांची बारकाईने तपासणी सुरू केली. माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातल्या इतर पक्ष्यांविषयी आधीच शंका होत्या. कातडी कोणी कशी सोलली, आत काय भरलं, टाके कसे घातले, याची प्रत्येकाची एक पद्धत असते. हस्ताक्षरासारखीच म्हणा ना! क्ष-किरण चित्रं काढून आतली रचना पाहिली, तेव्हा ‘१९१४ चा’ म्हटलेला रानपिंगळा डेव्हिडसन यांच्या हातच्या नमुन्यांशी जुळला.

निष्कर्ष धक्कादायक होता. तो पक्षी १९१४ साली मांडवीला मिळालेलाच नव्हता. तो डेव्हिडसन यांनी कितीतरी वर्षं आधी खानदेशात गोळा केलेला नमुना होता. संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, नवी चिठ्ठी लावून तो स्वतःच्या नावावर खपवलेला होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली हा सगळा तपशील प्रसिद्ध केला.

इथे जरा थांबून विचार करा. या प्रकरणात पक्षी खोटा नव्हता. तो अस्सल रानपिंगळाच होता. खोटी होती फक्त जागा आणि तारीख. पण तेवढ्याने काय झालं? शोधणाऱ्यांचं लक्ष नको तिथे वळलं. पक्षी १९१४ पर्यंत नक्की होता, आणि तो गुजरातच्या त्या भागात राहतो, अशा दोन आधार नसलेल्या गोष्टी पुस्तकांत शिरल्या. एखाद्या आजाऱ्याचा चुकीचा पत्ता डॉक्टरांना द्यावा, तसंच हे.

१९९७: पत्ता बरोबर, पक्षी हजर

रासमुसेन यांनी माइनर्ट्‌झहागेन यांची चिठ्ठी बाजूला ठेवली आणि फक्त खऱ्या नोंदींच्या जागा घेतल्या. १९९७ च्या नोव्हेंबरात त्या, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट भारतात आले. आधी पूर्वेकडे, ब्लेविट यांच्या जुन्या जागेच्या भागात शोधलं. तिथे काही मिळालं नाही. मग ते खानदेशात, शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या पायथ्याशी आले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, चक्क उजेडात, एका झाडावर त्यांना रानपिंगळा बसलेला दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी!

तो पक्षी खरोखर हरवला होता का? आपल्या सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पाड्यांच्या आसपास तो रोज बसत होता, किडे-सरडे पकडत होता, पिल्लं वाढवत होता. हरवला होता तो आपल्या वहीतून. पुढे शोध घेतल्यावर मेळघाटात, मध्य प्रदेशातल्या खांडवा भागातही तो सापडला. सगळी ठिकाणं सातपुडा आणि त्याच्या आसपासची. त्यामुळे पुस्तकांत नवी रेघ ओढली गेली: रानपिंगळा म्हणजे सातपुड्याचा पक्षी.

२०१४: आपल्या शेजारचं तानसा

आता नकाशा काढा. कळंबहून पूर्वेकडे, सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटरवर तानसा अभयारण्य आहे. मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव तिथलाच. २०१४ साली या जंगलात पक्षीनिरीक्षकांना एक पिंगळा दिसला. त्यांनी त्याची छायाचित्रं घेतली, नीट पाहिली, जाणकारांना दाखवली. तो रानपिंगळा होता! ‘इंडियन बर्ड्स’ या नियतकालिकात ती नोंद पुराव्यासह प्रसिद्ध झाली.

तोपर्यंतच्या माहीत असलेल्या जागा दोनशेहून अधिक किलोमीटर लांब, थेट सातपुड्यात. मग हा पक्षी इथे आला कसा?

शोधाची खरी मजा इथे आहे. रानपिंगळा हा स्थलांतर करणारा पक्षी नाही. तो आपलं रान धरून राहतो. असा पक्षी वाऱ्याने भरकटून इतक्या दूर यावा, हे फारच अवघड. मग सरळ उत्तर असं निघतं की तो आलाच नाही, तो इथेच होता. आपणच उशिरा पोचलो. पुढच्या वर्षांतही तानसात रानपिंगळे दिसत राहिले, त्यामुळे हे उत्तर आणखी पक्कं झालं. २०१५ साली गुजरातमधल्या डांगच्या पूर्णा अभयारण्यातूनही रानपिंगळ्याची नोंद प्रसिद्ध झाली.

एखादा हुशार विद्यार्थी इथे विचारेल, “सर, डांग तर गुजरातमध्येच आहे. मग माइनर्ट्‌झहागेनचं म्हणणं खरंच ठरलं की!” प्रश्न चांगला आहे. पण नाही. परीक्षेत एखाद्याने कॉपी करून उत्तर लिहिलं आणि ते बरोबर निघालं, म्हणून त्याने गणित सोडवलं असं होत नाही. खोटी नोंद ही नंतर जवळपास पक्षी सापडला म्हणून खरी होत नाही. ज्यांनी पूर्णात पायपीट करून पक्षी पाहिला, श्रेय त्यांचं.

या नव्या खऱ्या नोंदींचा परिणामही मोठा झाला. रानपिंगळा आधी ‘अतिसंकटग्रस्त’ या सर्वांत गंभीर यादीत होता. जास्त ठिकाणी आढळल्यामुळे २०१८ साली जागतिक लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ या एक पायरी खालच्या गटात आला. धोका संपला असं मुळीच नाही, पण कुठे लक्ष द्यायचं हे कळलं. तानसाच्या जंगलाबद्दल कोणताही निर्णय घेताना आता ‘इथे रानपिंगळा राहतो’ हे वाक्य कागदावर आहे. एका नीट केलेल्या नोंदीची ताकद ही अशी.

ओळख पटवायची कशी?

तानसातला पक्षी रानपिंगळाच होता, साधा पिंगळा नव्हता, हे कशावरून ठरतं? ओळख पटवणं म्हणजे ‘हा तोच वाटतो’ म्हणणं नव्हे. त्याच्यासारखे दिसणारे बाकीचे एकेक करून बाद करणं म्हणजे ओळख पटवणं. आपल्या भागात तीन पिंगळे एकमेकांसारखे दिसतात:

१. साधा पिंगळा: डोक्यावर आणि पाठीवर ठळक पांढरे ठिपके. छाती-पोटावर तुटक तपकिरी खुणा.

२. जंगली पिंगळा: डोकं, पाठ, छाती सगळीकडे बारीक आडव्या रेघा. ठिपके नव्हेत, रेघा.

३. रानपिंगळा: डोकं आणि पाठ जवळजवळ कोरी, ठिपके असले तरी अगदी पुसट. छातीवर भरीव तपकिरी रंग, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठसठशीत पट्टे. पायांवर दाट पांढरी पिसं. डोकं आणि चोच अंगाच्या मानाने मोठी.

बघा, ‘दिवसा दिसला’ एवढ्यावरून रानपिंगळा ठरवता येत नाही. रानपिंगळा दिवसा शिकार करतो हे खरं, पण साधा पिंगळाही दिवसा ढोलीच्या तोंडाशी बसलेला दिसतो. ‘जंगलात दिसला’ एवढंही पुरत नाही, कारण जंगली पिंगळाही जंगलातलाच. एक खूण कधीच पुरेशी नसते. तीन-चार खुणा एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की मगच नाव घ्यायचं.

आता हीच पद्धत आपल्या किनाऱ्यावर लावा. अनोळखी पक्षी दिसला की हा क्रम ठेवा:

पुस्तक नंतर, पक्षी आधी. पक्षी कधीही उडून जाईल, पुस्तक कुठे जात नाही. आधी पोटभर पाहून घ्या.

आकार तुलनेने सांगा. ‘मोठा होता’ याला अर्थ नाही. ‘शेजारच्या कुरवापेक्षा दीडपट’, ‘साळुंकीएवढा’, ‘घारीपेक्षा लहान’ असं लिहा. रिकाम्या वाळूवर एकटा बसलेला पक्षी डोळ्याला फसवतो.

डोक्यापासून पायापर्यंत पाहा. चोचीचा आकार आणि रंग, डोळ्याचा रंग, गळा, छाती, पोट, पाठ, पंखांची टोकं, शेपटी, पाय. उडाला तर पंख वरून कसे दिसले आणि कुठे पांढरं चमकलं तेही टिपा.

वागणं पाहा. चालतो की उड्या मारतो? चिखलात चोच खुपसतो की पाण्यावर सूर मारतो? एकटा की थव्यात?

लगेच लिहा. घरी गेल्यावर पुस्तक पाहिलं, की आठवण पुस्तकातल्या चित्राप्रमाणे बदलते. हे सगळ्यांचंच होतं, तुमचं एकट्याचं नाही. म्हणून तिथल्या तिथे वहीत खरडा. वाकडंतिकडं चित्र काढून बाण दाखवले तरी चालेल.

फोटो असेल तर उत्तम, पण एकावर भागवू नका. सकाळच्या पिवळ्या उन्हात राखाडी रंगही तपकिरी दिसतो. वेगवेगळ्या बाजूंनी, उडतानाचे, बसलेले असे जमतील तेवढे घ्या.

मोबाइल ॲपला विचारा, पण त्याचं ऐकूनच घेऊ नका. बरीच ॲप तुमचं ठिकाण पाहून तिथे नेहमी दिसणारे पक्षी आधी सुचवतात. पक्षी खरोखरच बाहेरचा असेल तर त्याचं नाव त्या यादीत खूप खाली असू शकतं. उलट, धूसर फोटोवरून ॲप एखादं भलतंच भारी नावही देऊन टाकतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं, आधी साधी शक्यता तपासा. पांढरा कावळा दिसला तर ती नवी जात नाही. रंगद्रव्य कमी असलेला तो आपला कावळाच. साळुंकी, चिमण्या यांच्यातही असे पक्षी निघतात.

पक्षी आपल्या भागाबाहेर दिसतो, त्याची कारणं

ओळख पटली की पुढचा प्रश्न: हा इथे कसा? साधारण चार कारणं असतात.

पहिलं, भरकटणं. वादळ, जोरदार वारा, किंवा पहिल्यांदाच स्थलांतर करणाऱ्या लहान पक्ष्याची दिशेची गफलत. जून ते ऑगस्टमध्ये आपल्या किनाऱ्यावर येणारे खोल समुद्रातले पक्षी बहुधा या गटातले. जगातलं एक नवल सांगतो. रशियाच्या पूर्व टोकाला राहणारा ‘स्टेलरचा समुद्री गरुड’ २०२० साली अलास्काच्या आत दिसला. २०२१ मध्ये टेक्सासमध्ये, मग पूर्व कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर दिसला. हा एकच पक्षी आहे हे कळलं त्याच्या पंखावरच्या विशिष्ट पांढऱ्या खुणांवरून. वेगवेगळ्या माणसांनी काढलेले फोटो शेजारी ठेवून ही ओळख पटली.

दुसरं, सुटका. पिंजऱ्यातून निसटलेले पक्षी. आपल्याकडे ज्यांना लोक ‘लव्हबर्ड’ म्हणतात ते ऑस्ट्रेलियातले बजरीगार शहरात मधूनच चिमण्यांबरोबर दिसतात. असा पक्षी माणसाला फारसा घाबरत नाही, पिसं झिजलेली असतात, कधी पायात कडी असते. मात्र कडी पाहून घाई करू नका. अभ्यासासाठीही शास्त्रज्ञ पक्ष्यांच्या पायात कड्या घालतात. कडीचा रंग, अक्षरं, कोणत्या पायात हे टिपून घ्या.

तिसरं, पसरणं. काही जाती खरोखर आपला प्रदेश वाढवतात. आपल्या माळावर दिसणारा कंठी होला विसाव्या शतकात आग्नेय युरोपातून पसरत पसरत १९५५ मध्ये ब्रिटनमध्ये घरटी करू लागला. आज तिथे तो रोजचा पक्षी आहे.

चौथं, आपलं अज्ञान. पक्षी तिथेच होता, बघणारे नव्हते. तानसाचा रानपिंगळा हे याचं उदाहरण. पुस्तकातला नकाशा म्हणजे पक्ष्यांना घातलेलं कुंपण नव्हे. आतापर्यंत माणसं जिथे गेली आणि त्यांनी जे लिहिलं, त्याची ती बेरीज आहे.

नोंद लिहिताना: कोणतं कळंब?

तुम्ही वहीत लिहिलंत, ‘कळंब येथे दिसला.’ छान! पण कोणतं कळंब? एक कळंब धाराशिव जिल्ह्यात आहे, एक यवतमाळ जिल्ह्यात आहे, आणि एक आपलं वसईतलं, समुद्रकाठचं. समुद्रपक्षी यवतमाळला दिसला असा कोणी अर्थ लावला, तर केवढा गोंधळ! मांडवीचंही तसंच. एक मांडवी तापीकाठी, एक कच्छमध्ये, आणि एक आपल्या वसई तालुक्यातही आहे.

म्हणून नोंद अशी हवी: कळंब समुद्रकिनारा, तालुका वसई, जिल्हा पालघर, तारीख, वेळ, भरती की ओहोटी, किती पक्षी, किती अंतरावरून, दुर्बिणीने की नुसत्या डोळ्यांनी, सोबत आणखी कोणी पाहिला का. त्याखाली पक्ष्याचं वर्णन. आणि शेवटी नाव. नाव नक्की नसेल तर ‘अनोळखी कुरव’ एवढंच लिहा. त्यात कमीपणा काहीच नाही.

पक्ष्यांची मराठी नावं जिल्ह्यागणिक बदलतात, हेही लक्षात ठेवा. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ चाळलात तर एकाच पक्ष्याची किती नावं आहेत ते कळेल. म्हणून गावातलं नावही लिहा आणि पुस्तकातलंही.

मग ही नोंद द्यायची कुठे? ‘ईबर्ड’ या संकेतस्थळावर जगभरची माणसं आपल्या पक्षीयाद्या टाकतात. त्या भागात अनपेक्षित पक्षी टाकला की तिथे वर्णन आणि पुरावा मागितला जातो, आणि जाणकार स्वयंसेवक तो तपासतात. कोणी “पुरावा काय?” असं विचारलं म्हणून राग मानू नका. हा तुमच्यावरचा अविश्वास नव्हे. असाच प्रश्न १९१४ च्या त्या नोंदीला कोणी वेळीच विचारला असता तर? मुंबईची बीएनएचएस ही १८८३ पासूनची संस्था आणि ‘महाराष्ट्र पक्षिमित्र’ यांच्याशी जोडलेली माणसंही मार्गदर्शन करतात.

पक्ष्याचा जीव पहिला

दुर्मीळ पक्ष्याची बातमी पसरली की मोबाइल-कॅमेरे घेऊन गर्दी होते. भरकटून आलेला पक्षी आधीच उपाशी, दमलेला असतो. त्याला पुन्हा पुन्हा उडवलं तर फोटो मिळतो, पण पक्षी मरतो. म्हणून लांब थांबा, खाली बसा, तो मान वर करून तुमच्याकडे पाहू लागला तर मागे सरका. रानपिंगळ्यासारखा पक्षी असेल तर त्याच्या आवाजाची ध्वनिफीत वाजवून त्याला बोलावू नका, आणि घरट्याची नेमकी जागा व्हॉट्सॲपवर टाकू नका. जागेची खरी नोंद ठेवायची, पण ती योग्य माणसांकडे द्यायची.

किनाऱ्यावर पक्षी पडलेला दिसला, तर ‘समुद्रातला आहे, समुद्रात सोडू’ असं करू नका. तो थकून बाहेर आलेला असतो. कुत्र्यांना आणि गर्दीला दूर ठेवा, तोंडात बळेच पाणी ओतू नका. चोच धारदार असते, मोठ्या माणसाच्या मदतीशिवाय उचलू नका. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा. ते येईपर्यंत भोकं पाडलेल्या खोक्यात, सावलीत, शांत ठेवता आला तर उत्तम.

करून पाहा

१. येत्या हिवाळ्यात कळंबला किंवा तुमच्या जवळच्या तळ्यावर एकाच जागी अर्धा तास बसा. दिसलेल्या प्रत्येक पक्ष्याची वर दिल्याप्रमाणे पूर्ण नोंद करा. दर महिन्याला हेच करा. मार्चपर्यंत तुमची स्वतःची ‘घरच्या पक्ष्यांची यादी’ तयार होईल.

२. दोघांनी एकच पक्षी पाच मिनिटं पाहा. न बोलता वेगवेगळं वर्णन लिहा. मग वह्या शेजारी ठेवा. काय जुळलं, काय नाही?

३. आजी-आजोबांना किंवा शेजारच्या कोळी-शेतकरी काका-मावशींना विचारा: पूर्वी दिसायचा आणि आता दिसत नाही, असा पक्षी कोणता? त्याचं गावातलं नाव, जागा आणि साधारण वर्ष लिहून घ्या.

४. विचार करा: माइनर्ट्‌झहागेन यांनी फक्त जागा आणि तारीख बदलली, पक्षी खराच होता. मग त्यामुळे नेमकं कोणाचं नुकसान झालं? दहा ओळींत लिहा.

तुमच्या वहीतली एखादी साधी नोंद, ‘तपकिरी डोक्याचे कुरव, १४, ओहोटी, सकाळी सात’, आज कोणाला विशेष वाटणार नाही. पण पुढे कधी कोणी विचारलं, की कळंबला पूर्वी कोणते पक्षी यायचे, तर उत्तर द्यायला तीच वही लागेल. म्हणून दिसेल तेच लिहा, जिथे दिसलं तिथलंच लिहा.